स्टावांगर ते बर्गन : अंतर १६० किमी, मग विमानाचा वेळ नेमका किती धरायचा?

सोनचाफा

नमस्कार मंडळी,

मी नोकरीनिमित्त नॉर्वेत स्टावांगरला असते, धाकटी बहीण बर्गनला पीएचडी करते. जूनमध्ये आई-बाबा येताहेत. मुंबईहून अ‍ॅमस्टरडॅममार्गे आधी माझ्याकडे, मग बहिणीकडे, आणि परतीचं विमान बर्गनहून. मधला स्टावांगर-बर्गन टप्पा कसा करायचा हे ठरवायचंय. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, फार वेळ पाय दुमडून बसवत नाही. आईला बोट लागते.

माहिती शोधायला बसले आणि आकड्यांनी गोंधळून गेले. एका संकेतस्थळावर लिहिलंय : अंतर १६० किमी, विमानाला १२ मिनिटं. दुसरीकडे अंतर तेच, पण वेळ ४२ मिनिटं. तिकिटाच्या पानावर जेमतेम ४० मिनिटं. आणि गाडीचा रस्ता विचारला तर २१० किमीला पाच तास! १२ मिनिटं आणि पाच तास ही एकाच प्रवासाची उत्तरं कशी असू शकतात? यातलं नेमकं काय धरून आखणी करू? आई-बाबांना उगीच दमवायचं नाहीये, म्हणून इथे विचारतेय.

रानजाई

१२ मिनिटं तर शक्यच नाही. १६० ला ताशी ८०० ने भागलं की १२ मिनिटं येतात, तेवढंच केलंय त्यांनी. दुसऱ्याने त्यातच सरसकट अर्धा तास मिळवलाय, म्हणून ४२. दोन्हीकडे गणितच आहे, प्रत्यक्ष उड्डाण कुणीच मोजलेलं नाही.

अक्षांश

अंतराचा आकडा मात्र बरोबर आहे आणि तो घरबसल्या कागदावर काढता येतो. शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

स्टावांगरचा सोला विमानतळ ५८.८८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, बर्गनचा फ्लेसलँड ६०.२९ वर. फरक १.४१ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल (एक सागरी मैल सुमारे १.८५ किमी), म्हणजे उत्तरेकडे साधारण ८५ सागरी मैल झाले. आता रेखांश. सोला ५.६४ पूर्व, फ्लेसलँड ५.२२ पूर्व, फरक ०.४२. विषुववृत्तावर रेखांशाचा अंशही ६० मैलांचाच असतो, पण उत्तरेकडे जाऊ तशी रेखावृत्तं जवळ येत जातात आणि ६० अक्षांशावर तो बरोबर निम्मा, म्हणजे ३० मैलांचा होतो. नॉर्वेच्या या भागात हिशेब इतका सोपा होतो तो त्यामुळेच! ०.४२ गुणिले ३० म्हणजे साडेबारा मैल. ८५ आणि साडेबारा या दोन बाजूंवर पायथागोरस लावा, कर्ण ८६ सागरी मैल. किलोमीटरमध्ये १५९-१६०.

पृथ्वी गोल आहे, मग सपाट कागदावरचा पायथागोरस चालतो का, असं कुणी विचारेल. एवढ्या छोट्या अंतरात फरक नगण्य येतो. मुंबई-अ‍ॅमस्टरडॅमसाठी मात्र बृहद्वृत्ताचं, म्हणजे गोलावरच्या दोन जागांमधल्या सगळ्यात जवळच्या वाटेचं सूत्रच वापरायला हवं.

सांजवात

अक्षांश सर, छान समजावलंत. मुंबई-पुण्याचं हेच अंतर किती येईल हो? आमच्याकडे अजून रस्त्याच्याच अंतराची सवय.

अक्षांश

सांजवातताई, मुंबई आणि पुणे या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर १२५ किमीच्या आसपास आहे. म्हणजे स्टावांगर-बर्गन त्याहून थोडं लांब.

धावपट्टी

सोनचाफा, मी युरोपातच एका विमान कंपनीच्या उड्डाण नियोजन विभागात काम करतो. या मार्गासारखे छोटे टप्पे रोज आखावे लागतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या तिकिटावरची ४० मिनिटं हा जागेवरून जागेपर्यंतचा वेळ आहे. विमान सोलाच्या आपल्या जागेवरून हललं तेव्हा घड्याळ सुरू, फ्लेसलँडला जागेवर उभं राहिलं की बंद. मागे ढकलणं, इंजिनं सुरू करणं, धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, पुढे गर्दी असली तर थांबणं, उतरल्यावर परत रांगत जाणं, हे सगळं त्यात आलं. चाकं जमिनीवरून उचलल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ या मार्गावर साधारण पंचवीस मिनिटांचा. चांगला दिवस असेल तर त्याहूनही कमी.

आता १६० किमीला १२ ऐवजी पंचवीस मिनिटं का लागतात? ताशी ८०० किमी हा वेग विमान १०-११ किमी उंचीवर गेल्यावरचा. इथे तेवढी उंची गाठायला वावच नाही. खाली उतरण्याचा नेहमीचा उतार तीन अंशांचा. त्या उताराने एक सागरी मैल पुढे जाताना विमान सुमारे ३०० फूट खाली येतं. म्हणजे २०,००० फुटांवरून उतरायचं तर ६०-६५ मैल आधी सुरुवात करावी लागते. सगळा मार्गच ८६ मैलांचा! वर चढायलाही मैल लागतात. त्यामुळे विमान चढतं, थोडा वेळ मधल्याच उंचीवर राहतं आणि लगेच उतरायला लागतं. शिवाय १०,००० फुटांखाली वेगाची मर्यादा २५० नॉट, म्हणजे ताशी ४६० किमी. शेवटच्या काही मैलांत तर बोइंगसारखं विमानही ताशी २६० किमीच्या आसपास येतं. सरासरी काढली तर ताशी साडेतीनशे-चारशे किमी हाती लागतात. जेट असो की पंख्याचं डॅश-८, या अंतरावर फरक फार तर चार-पाच मिनिटांचा. लांब पल्ल्यावर जेट जो वेळ वाचवतं, तो वाचवायला इथे जागाच मिळत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी कुठल्याच गणनयंत्रात येत नाही आणि मला स्वतःला फार आवडते. संध्याकाळी निवांत लिहितो.

दर्यावर्दी

मी बर्गनला बरीच वर्षं आहे. रस्त्याच्या पाच तासांबद्दल सांगतो.

तो रस्ता म्हणजे युरोपीय महामार्ग ई-३९. क्रिस्टियानसांद ते त्रोनहाइम, सुमारे ११०० किमी, नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्याच्या कडेकडेने. किनारा फ्योर्डनी, म्हणजे जमिनीत आतवर घुसलेल्या समुद्राच्या खाड्यांनी, असा चिरलाय की संपूर्ण रस्त्यावर सात ठिकाणी गाडी फेरीबोटीवर चढवावी लागते. त्यातल्या दोन फेऱ्या तुमच्या वाट्याला येतात. स्टावांगरहून निघालात की आधी बीफ्योर्डखालचा बोगदा, समुद्रसपाटीखाली २२३ मीटर, १९९२ सालचा. मग मोर्ताविकाला फेरी, बोक्नाफ्योर्ड ओलांडून आर्सवोगेन, वीस-पंचवीस मिनिटं. पुढे हेउगेसुंदच्या बाजूने वर, बोम्लाफ्योर्डखालचा २६० मीटर खोल बोगदा, स्टोर्ड बेट, आणि सांदविकवोगला दुसरी फेरी. ही पाऊण तासाची, हाल्येमला उतरवते. हाल्येमपासून बर्गनकडे २०२२ मध्ये नवा रस्ता झालाय, बराचसा बोगद्यांतून, त्यामुळे शेवटचा तुकडा पूर्वीसारखा वळणावळणाचा राहिला नाही.

म्हणजे पाच तासांतला तासाभराहून जास्त वेळ पाण्यावर आणि बाकी थोडा फेरीची वाट बघण्यात. गाडी हाताशी नसेल तर किस्टबुसेन नावाची बस आहे, ती हाच रस्ता धरून पाचेक तासांत पोचवते. फेरीवर बस उभी राहते आणि प्रवासी वर कँटीनमध्ये जाऊन बसतात. तिथे गरम स्वेले मिळतात, जाड मऊ धिरडी, लोणी-साखर किंवा तपकिरी चीज लावून. आई-बाबांना नक्की खिलवा.

गुहागरकर

दर्यावर्दी, वाचता वाचता आमचा किनारा डोळ्यांसमोर आला. दाभोळहून धोपाव्याला गाडी जंगलजेटीवर चढवून खाडी ओलांडायची, नाहीतर चिपळूणमार्गे लांबचा वळसा. समोरचं गाव हाकेच्या अंतरावर दिसतं आणि रस्त्याने तासन्तास लागतात. आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गासाठी खाडीपुलांची कामं निघालीत. तिकडेही पुलांचा काही विचार आहे का?

दर्यावर्दी

आहे आणि फार मोठा आहे. बोक्नाफ्योर्डखालून रोगफास्ट नावाचा बोगदा खणणं चालू आहे. लांबी सुमारे २७ किमी, सगळ्यात खोल जागी समुद्रसपाटीच्या खाली ३९० मीटरच्या आसपास. मधूनच एक फाटा क्वित्सोय बेटावर निघणार. काम २०१८ ला सुरू झालं, खर्च आवाक्याबाहेर चालला म्हणून २०१९ मध्ये थांबलं, पुन्हा सुरू झालं. २०३३ मध्ये खुला करायचं नियोजन आहे. झाला की मोर्ताविकाची फेरी इतिहासजमा. हाल्येमच्या फेरीऐवजी ब्योर्नाफ्योर्डवर तरंगता पूल बांधायची योजनाही आहे, पण खर्च आणि निसर्गाची हानी यावरून इथे तिला कडाडून विरोध होतो. मला स्वतःला तो विरोध पटतो. ती बेटं आणि तिथली शांतता एकदा गेली की गेली.

रानजाई

आगगाडी नाही का?

दर्यावर्दी

थेट नाही. रुळांनी जायचं तर स्टावांगरहून ओस्लो, सुमारे आठ तास, आणि ओस्लोहून बर्गन, सुमारे सात तास. १६० किमीसाठी पंधरा तास आणि अख्ख्या दक्षिण नॉर्वेला वळसा. ओस्लो-बर्गन रेल्वेचा प्रवास जगातल्या देखण्या प्रवासांपैकी आहे, तो वेगळा वेळ काढून जरूर करावा. फ्रान्सने २०२३ मध्ये काही छोटी देशांतर्गत उड्डाणं बंद केली, पॅरिसच्या ओर्ली विमानतळाहून नांत, लियों, बोर्दोला जाणारी, कारण तिथे अडीच तासांच्या आत पोचवणारी गाडी आहे. तसा नियम इथे लावताच येणार नाही.

म्हणूनच हा मार्ग ओस्लोला न शिवणाऱ्या नॉर्वेजियन मार्गांमध्ये सगळ्यात गजबजलेल्यांपैकी एक आहे. इक्विनॉर या नॉर्वेच्या तेलकंपनीचं मुख्य कार्यालय स्टावांगरजवळ फोरुसला, सोलाच्या शेजारी, आणि बर्गनचं मोठं कार्यालय सांद्सलीला, फ्लेसलँडच्या शेजारी. सकाळच्या विमानात अर्धे लोक लॅपटॉपची पिशवी घेऊन बसलेले असतात.

धावपट्टी

सकाळी म्हटलं होतं ती गोष्ट, वाऱ्याची आणि धावपट्टीच्या दिशेची.

फ्लेसलँडला एकच धावपट्टी आहे, १७ आणि ३५. हे आकडे दिशेचे : १७ म्हणजे १७० अंश, जवळपास दक्षिण, ३५ म्हणजे ३५० अंश, जवळपास उत्तर. सोलाला एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत, पण मुख्य आहे ती १८-३६, म्हणजे तीही उत्तर-दक्षिण. आणि अक्षांश सरांच्या आकड्यांवरून सोलाहून फ्लेसलँडची दिशा काढली तर साधारण ३५१-३५२ अंश येते. दोन्ही धावपट्ट्या आणि मधला मार्ग जवळजवळ एकाच सरळ रेषेत! असा योग फार कमी ठिकाणी जुळून येतो.

विमान वाऱ्याला सामोरं उडतं आणि वाऱ्याला सामोरंच उतरतं. आता समजा उत्तरेचा वारा आहे. सोलाहून उत्तरेकडे उडालो, नाक आधीच बर्गनकडे. फ्लेसलँडला ३५ वर सरळ समोर उतरलो. कुठे वळायची गरज नाही. मार्ग जवळपास तेवढाच, ८६ मैल.

या किनाऱ्यावर मात्र वारा बहुतेक वेळा दक्षिणेकडचा. तेव्हा सोलाहून दक्षिणेकडे उडायचं, बर्गनकडे पाठ करून. मग अर्धं वर्तुळ घेऊन उत्तरेला वळायचं. फ्लेसलँडजवळ पोचलो तरी उतरता येत नाही. विमानतळ बाजूला ठेवून आणखी उत्तरेला जायचं, पुन्हा अर्धं वर्तुळ, मग १७ वर दक्षिणेकडे तोंड करून उतरायचं. दोन्ही टोकांचे वळसे धरले तर पंचवीस-तीस मैल वाढतात, तेही कमी वेगाने कापायचे. सात ते नऊ मिनिटं गेली. पाठीमागून येणारा वारा मधल्या टप्प्यात दोनेक मिनिटं वाचवतो, पण वळशांनी घालवलेला वेळ काही भरून येत नाही.

आता त्याच दिवशी उलट दिशेला, बर्गनहून स्टावांगरला चला. समोरून वारा, दोनेक मिनिटं जास्त. पण दक्षिणेकडे उडालो, दक्षिणेकडेच उतरलो, एकही वळसा नाही. म्हणजे वारा विरुद्ध असलेलं विमान आधी पोचतं आणि वारा पाठीशी असलेलं उशिरा! लांब पल्ल्यावर असं कधी होत नाही, मुंबई-अ‍ॅमस्टरडॅमला वारा म्हणजे वाराच. छोट्या टप्प्यावर धावपट्टीची दिशा वाऱ्यावर मात करते.

वेळापत्रक आखताना आम्ही हे सगळे दिवस एकत्र धरून, वर थोडी शिल्लक ठेवून आकडा काढतो. त्यामुळे कधी विमान दहा मिनिटं आधी जागेवर लागतं, कधी काठावर. तिकिटावरची ४० मिनिटं अशी आलेली आहेत. तीन आकड्यांमधला तोच धरा.

अक्षांश

धावपट्टी, मनापासून धन्यवाद. दहावीच्या वर्गात वारे शिकवताना हे उदाहरण सांगणार आहे. नकाशावर रेघ मारून मुलांनाच विचारेन, कुठलं विमान आधी पोचेल.

सांजवात

मी दोनदा वाचलं आणि मग कागदावर काढून पाहिलं. खरंच की! एक विचारू का? सगळ्यात कमी वेळाचं विमान कुठलं मग?

रानजाई

ताई, स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. तिथे वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधलं लोगनएअरचं विमान. अंतर २.७ किमी, वेळ दीड-दोन मिनिटं. वारा अनुकूल असताना ५३ सेकंदांत पोचल्याचीही नोंद आहे. १९६७ पासून चालू आहे. छोटं आयलंडर विमान, पायलटच्या शेजारच्या खुर्चीतही प्रवासी बसतो. बेटावरच्या लोकांना डॉक्टर, शिक्षक, बँकेचा माणूस त्याच विमानाने मिळतो, म्हणून ते चालवतात.

निळावंती

मी प्रवाशांच्या हक्कांच्या क्षेत्रात काम करते. अंतर आणि वेळ कसा मोजायचा यावर युरोपात चक्क न्यायालयाचे निवाडे आहेत, आणि ते सोनचाफाच्या उपयोगाचे आहेत.

युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम नॉर्वेलाही लागू आहे. विमान तीन तास किंवा त्याहून जास्त उशिरा पोचलं आणि कारण कंपनीच्या आवाक्यातलं असेल, तर भरपाई मिळते. किती, ते अंतरावर ठरतं : १५०० किमीपर्यंत २५० युरो, युरोपातल्या त्याहून लांब उड्डाणांना ४०० युरो. हे अंतर बृहद्वृत्तानेच मोजायचं, विमानाने प्रत्यक्ष किती वळसे घेतले ते धरायचं नाही, असं नियमातच लिहिलंय. २०१७ मध्ये एक प्रकरण गेलं होतं, रोमहून ब्रुसेल्समार्गे हँबुर्गला गेलेल्या प्रवाशांचं. दोन टप्पे मिळून १६५६ किमी होत होते, सरळ रेषेत रोम-हँबुर्ग १३२६. न्यायालयाने सरळ रेषेचं अंतर धरलं, भरपाई २५० युरोच.

वेळेचं प्रकरण तर अगदी या धाग्यावरचं आहे. साल्झबर्ग ते कोलोन-बॉन. विमानाची चाकं टेकली तेव्हा उशीर २ तास ५८ मिनिटं. जागेवर उभं राहिलं तेव्हा ३ तास ३ मिनिटं, आणि मग दारं उघडली. कंपनी म्हणाली आम्ही तीन तासांच्या आत उतरलो. प्रवासी म्हणाला मी तर आतच बसलो होतो. २०१४ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला : निदान एक दार उघडून प्रवाशांना बाहेर पडायची मुभा मिळेल ती पोचण्याची वेळ. तोवर माणूस बंद जागेत अडकलेला असतो, त्याला आपली कामं करता येत नाहीत, हे त्यामागचं कारण. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो, कारण त्यात घड्याळ प्रवाशाच्या बाजूने लावलंय.

वादळ, धुकं असेल तर भरपाई नाही, पण खाणंपिणं आणि लागला तर मुक्काम ही जबाबदारी कंपनीचीच राहते. विमान सुटायला उशीर झाला की दार उघडल्याची वेळ फोनवर टिपून ठेवा.

आणि बाबांसाठी खास : युरोपीय संघाचा ११०७/२००६ हा आणखी एक नियम आहे. त्यानुसार विमानतळावर चाकाची खुर्ची आणि मदतनीस मोफत मिळतात. निघण्याच्या ४८ तास आधी कंपनीला कळवायचं, एवढंच.

सोनचाफा

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू! मला फक्त एका आकड्याचं उत्तर हवं होतं. इथे तर अख्खा मार्ग उलगडून मिळाला. निळावंतीताई, चाकाच्या खुर्चीचं आजच कळवते, बाबा नको नको म्हणतील पण ऐकणार नाही.

आता घरापासून घरापर्यंत हिशेब मांडला. माझ्या घरून सोला वीस-पंचवीस मिनिटं. तासभर आधी पोचायचं. विमान ४० मिनिटं. सामान यायला पंधरा-वीस मिनिटं. फ्लेसलँडहून शहरात पाऊण तास. सगळं मिळून फार तर सव्वातीन तास. बसने पाच. म्हणजे खरा फरक पावणेदोन तासांचा, नकाशाने दाखवला तेवढा मुळीच नाही.

त्यामुळे आता बसकडेही ओढा वाटतोय. पण आईला बोट लागते ना, दोन फेऱ्या झेपतील का?

दर्यावर्दी

जूनमध्ये बहुधा काही त्रास होणार नाही. हाल्येमची फेरी लांब असली तरी बेटांच्या आडोशाने जाते. बोक्नाफ्योर्ड मात्र पश्चिमेला समुद्राकडे उघडा आहे, वारा असला की मोर्ताविकाची फेरी हलते. हिवाळी वादळात मी स्वतः खांबाला धरून उभा राहिलोय. बाबांच्या गुडघ्याच्या दृष्टीने बस वाईट नाही, दर दीड-दोन तासांनी फेरीवर उठून चालायला मिळतं. पण बसमधून फेरीच्या वरच्या मजल्यावर जायला जिने असतात, उद्वाहन सगळीकडे सोयीच्या जागी असतंच असं नाही. ऑपरेशन नुकतंच असेल तर विचार करा.

फ्योर्ड लाइनची मोठी बोटही आहे. डेन्मार्कच्या हिर्ट्सहाल्सहून येते, स्टावांगरला थांबून बर्गनला जाते, या टप्प्याला साडेपाच तासांच्या आसपास. पण आईंना बोट लागत असेल तर ती यादीतून काढाच.

धावपट्टी

माझं मत विमानाच्या बाजूने, आणि ते मी विमानाच्या धंद्यात आहे म्हणून नाही. अनोळखी देशात, ऑपरेशन झालेल्या माणसाला, खुर्ची आणि मदतनीस दारापासून दारापर्यंत मिळतो तो विमानतळावरच. बसचा प्रवास तुम्ही दोघी बहिणी नंतर कधीही करू शकता.

तिकीट घेताना सकाळचं दुसरं-तिसरं विमान बघा. अशा छोट्या मार्गांवर बऱ्याचदा तेच विमान दिवसभर इकडून तिकडे फिरत असतं. सकाळी दहा मिनिटांचा उशीर झाला की तो संध्याकाळपर्यंत साचत जातो, कारण अशा छोट्या टप्प्यात मधे भरून काढायला वेळच नसतो. अगदी पहिलं विमान सगळ्यात वक्तशीर, पण त्यासाठी आई-बाबांना पहाटे उठवावं लागेल.

रानजाई

याच मार्गावर विजेचं विमानही उडालंय ना? बातमी वाचल्यासारखी वाटते.

धावपट्टी

हो. ऑगस्ट २०२५ मध्ये. अमेरिकेतल्या बीटा टेक्नॉलॉजीजचं आलिया हे बॅटरीवरचं विमान, ब्रिस्टो कंपनीने सोलाहून फ्लेसलँडला आणलं. प्रवासी नव्हते, मालवाहतुकीची चाचणी होती. हेच १६० किमी त्याने तासाभरापेक्षा थोड्या कमी वेळात कापले. जेटच्या दुप्पट वेळ झाला म्हणून काही जण नाकं मुरडतात. पण वर सोनचाफाने मांडलेला हिशेब बघा : सव्वातीन तासांतली हवेतली मिनिटं फक्त पंचवीस. ती दुप्पट झाली तरी सगळा प्रवास साडेतीन-पावणेचार तासांत आटोपतो, आणि रॉकेल अजिबात न जाळता. बॅटरीच्या विमानांना आज झेपेल असंच हे अंतर आहे. नॉर्वेने चाचणीसाठी हा मार्ग निवडला तो उगीच नाही. तिथल्या किनाऱ्यावर असे कितीतरी छोटे टप्पे आहेत जिथे रस्त्याने जाणं अवघड, रेल्वे शक्य नाही आणि जेट म्हणजे इंधनाची नासाडी. मला या प्रयोगाबद्दल फार आशा आहे.

गुहागरकर

असं विमान कोकणात रत्नागिरी, चिपीसारख्या धावपट्ट्यांना जोडायला आलं तर किती बरं होईल.

सोनचाफा

ठरलं मग, विमानच. सकाळी दहाच्या सुमाराचं बघते. बसचा प्रवास मी आणि बहीण ऑगस्टमध्ये करू, स्वेलेसकट! शेवटचा प्रश्न : आई-बाबांना खिडकी कुठल्या बाजूची घेऊ?

धावपट्टी

उत्तरेकडे जाताना उजवीकडे फ्योर्ड आणि डोंगर, हवा स्वच्छ असेल तर फोल्गेफोन्ना हिमनदीचा पांढरा माथा दिसतो. डावीकडे कार्मोय बेट, हेउगेसुंद आणि त्यापलीकडे खुला समुद्र. एकाला उजवी, एकाला डावी घेऊ नका, दोघांनाही उजवी घ्या, पुढेमागे. फक्त पंखाच्या वरची रांग टाळा. डॅश-८ मिळालं तर काळजीच नाही, त्याचे पंख वर असतात, खालचं सगळं दिसतं.

दर्यावर्दी

आणि फ्लेसलँडला उतरल्यावर टॅक्सीच्या भानगडीत पडू नका. बीबानेन ही ट्राम २०१७ पासून थेट टर्मिनलपर्यंत येते, शहराच्या मध्यापर्यंत पाऊण तास. डबे जमिनीलगतचे आहेत, फलाट आणि दार एकाच पातळीवर, त्यामुळे बाबांना एकही पायरी चढावी लागणार नाही. बाहेर टेकाडावर "बर्गन?" अशी प्रश्नचिन्हासकट मोठाली अक्षरं दिसतील, ती आइसलँडच्या राग्नार क्यार्तान्सन या कलाकाराची कलाकृती आहे, आई-बाबांचा फोटो तिथे काढा. बहीण कुठल्या थांब्याजवळ राहते ते कळवा, तिथल्या थांब्यावरून घरी जायला चढ कितपत आहे ते सांगतो. बर्गनमध्ये घर डोंगरावर असेल तर खरा प्रश्न तिथेच येतो.